जेवताना म्हणत होते

सहा वाजून गेले तरी मैदानात कुणी आलं नाही. भीमसेनरावांनी एकट्यानेच काठीला नमस्कार केला, एकट्यानेच पावलं टाकली आणि काठी भिंतीला टेकवून ठेवली. मैलापूरच्या तळ्यामागे चौतीस साली त्यांनी शिलंबमची, म्हणजे काठी चालवण्याची, तालीम सुरू केली होती. चोवीस वर्षांत असं झालं नव्हतं.

त्यांची बायको कनका जाऊन पाच महिने झाले होते. ती गेली तेव्हा पावलं घोटणारे नऊ नवे होते. एकेक करून आठ गेले. आज विजयकुमारही आला नाही.

नवे का सोडून जातात, हे भीमसेनरावांना ठाऊक होतं. पहिले तीन महिने हातात काठी नाही. तीच चार पावलं, पोटऱ्या भरून येईपर्यंत. माणूस कंटाळतो. म्हणून कनकामागे पहिला गडी तालीम सोडून गेला, तेव्हा त्यांनी उरलेल्यांच्या हातात मुदतीआधीच काठी दिली. तरी गळती थांबली नाही. मग त्यांना वाटलं, ताक. तालीम सुटली की कनका मागच्या दारी प्रत्येकाला पेलाभर ताक द्यायची. तेही त्यांनी स्वतः घुसळलं, मीठ-कढीलिंब घालून दिलं. लोक ताक प्यायले आणि गेले.

त्यांना वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. उठायचं, पावलं टाकायची, भात शिजवायचा, गप्प जेवायचं. जेवताना बोलायचं नाही, हा त्यांच्या गुरूंचा दंडक. तो त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या पंगतीतही मोडला नव्हता. फक्त तालीमच बंद पडली तर सकाळी उठायचं कशाला, एवढं त्यांना कळत नव्हतं.

दहाच्या सुमाराला ते बसने नुंगंबाक्कमला गेले. विजयकुमार तिथे एका सरकारी कचेरीत कारकून होता, दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून आलेला. वाध्यारांना, आपल्या गुरुजींना, दारात बघून तो खुर्चीतून उठलाच.

"वाध्यार! काठी नाही ना आणलीत?"

भीमसेनराव हसले नाहीत. "का सोडलीस?"

विजयकुमार टेबलाकडे पाहू लागला. "पोटऱ्यांचं काही नाही हो. काकू होत्या तोवर गोडी होती."

"ताक मी देत होतो की."

"ताकाचं नव्हे, वाध्यार. काकू पेला देताना हळूच सांगायच्या. 'काल जेवताना हे म्हणत होते, त्या साताऱ्याच्या विजयकुमारचं डावं पाऊल बरं पडतं. मी सांगितलं म्हणू नकोस हं.' आमच्यातल्या गुंडोला म्हणाल्या, तुझा दम चांगला आहे म्हणतात. सगळ्यांनाच काही ना काही. तुम्ही तर तोंडावर कधी बोलला नाहीत. त्या गेल्या आणि तुम्ही आमच्याबद्दल काय म्हणता, ते कळेनासंच झालं."

"जेवताना?" भीमसेनरावांनी विचारलं.

"हो. रोज काहीतरी नवं असायचं."

विजयकुमारने खुर्ची पुढे केली, ती त्यांना दिसली नाही.

"सेरी," ते शेवटी म्हणाले. "बरं. उद्या ये. सहाला."

घरी येऊन त्यांनी भात लावला. चुलीशेजारच्या खिडकीतून सगळं मैदान दिसतं, हे पाच महिने तिथे उभं राहूनही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आज आलं. खिडकीखाली कनकाचा पाट तसाच उभा होता.

त्यांनी पान मांडलं, भात वाढून घेतला, पहिला घास हातात घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं.

"त्या विजयकुमारचं डावं पाऊल बरं पडतं," ते म्हणाले. "सांग त्याला."