मावशींचा परवाना

न्हावी, शिंपी, वायरमन यांच्यापैकी परवाना कुणाकुणाला लागावा, यावर समितीत बराच काथ्याकूट झाला. म्हाताऱ्यांना घरी सांभाळणाऱ्या बायकांचा विषय निघाला, तेव्हा मात्र साहेबांनी टेबलावर हात आपटला. "अहो, अनोळखी माणसाच्या हाती आपली आई कशी सोपवायची? परवाना हवाच!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

नियम लागू व्हायच्या आदल्या संध्याकाळी साहेब घरी आले, तर त्यांच्या आईला सांभाळणाऱ्या मावशी चपला घालून दारातच उभ्या. "उद्यापासून नाही यायला जमायचं, दादा. परवान्याला दहावी पास लागते म्हणे. मी कुठली काढू आता?"

हे साहेबांच्या गावीही नव्हतं. त्यांनी सूपची वाटी उचलली आणि पलंगाच्या कडेला बसून चमचा आईच्या ओठांशी नेला. आईनं तोंड घट्ट मिटून घेतलं. "आई, अगं मी आहे," ते काकुळतीला येऊन म्हणाले.

आईनं त्यांचा हात झिडकारला आणि दाराकडे बघत मावशींना हाक मारली, "अगं ए, या अनोळखी माणसाच्या हाती मला सोपवून कुठं निघालीस?"