मुळाकडे सरकणारी खाच

अतिदक्षता विभागातून मी जिवंत परतलो, या एकाच पुण्याईवर डॉक्टर तरकन वर्षभर मिरवत आहेत. माझी दाढी उगवेनाशी झाली, त्रिशूरच्या उन्हाळ्यातही मला हुडहुडी भरते, पेजेचा वाडगा हातात पेलवत नाही. त्यांच्या लेखी ही एका निवृत्त माशेची, म्हणजे मास्तराची, निव्वळ कृतघ्नता.

"हार्मोनचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, माशे. शिकवायला कोणी उरलं नाही म्हणून नखं तपासत बसता का?"

जीवघेण्या दुखण्यानंतर नखावर आडवी खाच उमटते आणि वाढत्या नखाबरोबर टोकाकडे सरकत नाहीशी होते. माझ्या अंगठ्यावरची खाच मुळाकडे सरकत होती.

"पोथी उलटी धरलीत," ते हसले.

ओणमच्या सुमारास ती कातडीखाली शिरली. गुळगुळीत नख पाहून डॉक्टरांनी स्वतःचीच पाठ थोपटली.

काल तेल चोळताना माझ्या पत्नीचा, विलासिनीचा, हात थबकला. "अहो, परवा मनगटावर होती ना ही खाच? दंडापर्यंत कशी आली?"

आज ती खाच छातीवर आहे. डॉक्टरांनी नेमका तिच्यावरच स्टेथोस्कोप टेकवला आणि प्रथमच त्यांना विनोद सुचला नाही.

"श्वास घ्या ना, माशे," ते म्हणाले.

मी केव्हाचा घेत होतो.