चारशे दहावी ओळ

हिंजवडीच्या ऑफिसात रुकसानाने पेढे वाटले. नव्या प्रोसेसरवर ऑपरेटिंग सिस्टिम चालावी म्हणून तिने कर्नलसाठी, म्हणजे त्या सिस्टिमच्या गाभ्यासाठी, लिहिलेला कोड तीनच आठवड्यांत मंजूर झाला होता. आठ वर्षांपूर्वी, आधीच्या प्रोसेसरच्या वेळी, तिचा सीनियर असलेल्या श्रीनिवासला याच कामाला सव्वा वर्ष लागलं होतं. तेव्हा पेढे सोडाच, कुणी चहासुद्धा विचारला नव्हता.

"छान हं," म्हणत त्याने पेढा ड्रॉवरमध्ये टाकला आणि दुपारभर तिची फाइल ओळ न् ओळ तपासली. चारशे दहाव्या ओळीला घबाड सापडलं. चिपमधलं घड्याळ सुरू व्हायच्या आधीच ती ओळ वेळ विचारत होती!

रुकसाना शेजारच्याच टेबलावर बसली होती, पण तिला हाक मारण्यात काय मजा? जगभरचे कर्नलवाले वाचतात त्या मेलिंग लिस्टवर त्याने टाकलं, "असा कोड लिहिणाऱ्याने आधी कॉलेजची पुस्तकं पुन्हा उघडावीत."

दहा मिनिटांत तिथेच तिचं उत्तर आलं. "अगदी बरोबर, सर. नेहमीच्या पद्धतीप्रमाणे मी आधीच्या प्रोसेसरची फाइल कॉपी करून वेगळं होतं तेवढंच बदललं. ही ओळ तिथून जशीच्या तशी आली. दोन्हीकडे दुरुस्त करून पाठवलंय."

दुरुस्तीखाली रिवाजाप्रमाणे दोन नोंदी कायमच्या झाल्या.


मूळ चूक: श्रीनिवास. चूक दाखवल्याबद्दल आभार: श्रीनिवास.