काचेमागचा आचारी

“अहो, पाय उचला!” म्हणत मी ह्यांना जवळजवळ ओढतच पायऱ्या उतरवत होते. नाशिकजवळच्या डोंगराच्या पोटातलं, बंद झालेलं हवाई दलाचं रडार केंद्र २००३ साली पहिल्यांदाच लोकांना बघायला मिळणार होतं. ह्यांची अख्खी नोकरी इथेच गेली, मेसमध्ये आचारी म्हणून. मला तरी हेच सांगितलं होतं. त्याच भरवशावर आमच्या लेकीच्या, प्रतिभाच्या लग्नात मी पंगतीची डाळ ह्यांच्यावर सोपवली. अख्खं पातेलं करपलं आणि व्याह्यांसमोर नाक कापलं गेलं. तेव्हापासून जेवायला बसलो की मी त्या डाळीवरून ऐकवतेच. खालच्या दालनात भिंतीएवढी काच उभी होती. माहिती सांगणारा जवान म्हणाला, “रडारवर विमान दिसलं, की ते कुठे पोचलंय ते ह्या काचेवर लिहायचे. समोर बसलेल्या साहेबांच्या आड येऊ नये म्हणून लिहिणारा काचेमागे उभा राहून उलटी अक्षरं काढायचा. हे काम घरीसुद्धा सांगायला बंदी होती.” मी वळून बघितलं, तर हे शेजारी नव्हतेच! काचेमागे उभे होते, हातात तिथलाच खडू घेऊन. जवान अडवणार, तोवर ह्यांचा हात उजवीकडून डावीकडे सरसर धावलासुद्धा. समोर आम्हाला सुलट, ठसठशीत अक्षरं दिसली: ‘डाळ माफ?’ “माफ! माफ!” मी एवढ्या जोरात ओरडले, की वरचं रडार चालू असतं तर त्यावरसुद्धा उमटलं असतं.