दोन मिलिमीटरचा पत्रा

"सरले वही दिऊ नको वं माय. गयी म्हणजे गयी," प्रयोगशाळा झाडणाऱ्या सुंदराबाईंनी बजावलं होतं. नूतन हसली होती. प्लेगच्या भीतीने अर्धं सुरत स्टेशनकडे पळत होतं, तिला सातवा महिना होता. माहेरी जाताना संशोधनाची वही मार्गदर्शक भगवानसरांकडे नाही ठेवायची, तर कुणाकडे?

दोन वर्षांनी त्याच कॉलेजच्या हॉलमध्ये, पडद्यावर तिचं चित्र झळकलं. अक्षर तिचंच. बाणांची टोकं ती भरीव काढायची, तीही तशीच. खाली नाव मात्र एकट्या भगवानसरांचं.

मोहरीएवढी इंधनाची गोळी, तिच्यावर चहूकडून लेझरचा मारा. गोळी चेपून पेटली की गॅमा किरण बाहेर पडतात. ते पत्र्यातल्या बारीक छिद्रातून जाऊ द्यायचे, म्हणजे गोळी नीट गोल चेपली की वाकडी, त्याचं चित्र पलीकडे उमटतं. कल्पना एवढीशीच, पण नूतनची होती.

"ताई, माझी सगळी गणितं ह्याच पत्र्यावर आहेत," शेजारची वर्षा कुजबुजली. ही सरांची नवी विद्यार्थिनी. नूतनला आजचं आमंत्रण घरी येऊन देऊन गेली होती, आणि आता तिच्या मयुरीला मांडीवर घेऊन थोपटत होती. "दोन वर्षं घासतेय. मार्चमध्ये प्रबंध देऊन मोकळी."

नूतनने ऐकलं. ऐकून समोर बघितलं.

चूक तिला मयुरीला पाजता पाजता सापडली होती. हा पत्रा तिने घाईघाईत क्ष-किरणांच्या चित्रावरून उचलला होता. दोन मिलिमीटरचं शिसं. सरांना कळवायला पोस्टकार्ड लिहूनही झालं होतं. टाकायच्या आत समजलं, चित्र सरांच्या नावावर छापून आलंय. तिने कार्डाचे चार तुकडे केले आणि वाट बघत बसली.

"काही प्रश्न?" सरांनी विचारलं. पहिल्या रांगेत मुंबईहून आलेले पाहुणे शास्त्रज्ञ पेन उघडून बसले होते.

नूतन उभी राहिली. "सर, एवढ्याशा शिशातून हे किरण सरळ आरपार जातात. वीतभर जाड धातू हवा. इथे छिद्र असलं काय नि नसलं काय, सारखंच. मग चित्र कशाचं उमटणार?"

"बेसो ने बेन, छोकरी ऊठी जशे!" मागून कुणीतरी खिदळलं. बसा म्हणे, पोर जागी होईल.

पाहुणे मात्र वळून बघत होते. "बाईंचं बरोबर आहे," ते म्हणाले.

सर पडद्याकडे वळले. ते चित्र बहुधा पहिल्यांदाच वाचत होते. "हे... म्हणजे मुळात हे एका विद्यार्थिनीने काढलेलं..."

"कुठल्या, सर?" नूतनने अगदी गोड आवाजात विचारलं. "खाली तर नाव एकच आहे."

हॉल हसला. प्रोजेक्टर बंद करायचं बटण सरांना सापडेना. त्यांची बोटं चाचपडत राहिली, आणि नूतन ती डोळे भरून बघत राहिली.

ती बसली, तशी वर्षाने मयुरीला उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. जपून, झोप मोडू न देता.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं, ताई?"

नूतनने मयुरीचा फ्रॉक सारखा केला.

"परवा मी घरी आले, तेव्हाही?" वर्षाचा आवाज चढला नाही. "बळंच दुसरा लाडू वाढलात मला."

ती उठून जिन्याने वर गेली. गणितांचं जाड रजिस्टर खुर्चीवरच राहिलं.

चहा आला. पाहुण्यांनी नूतनला नाव विचारलं, पत्ता लिहून घेतला. दोघांतिघांनी पाठ थोपटली. कपबशा गोळा झाल्या, हॉल रिकामा झाला, सुंदराबाई झाडू घेऊन आल्या. वर्षा खाली आली नाही.

नूतनची नजर जिन्यावर आहे. मांडीवर पोर झोपलीय, असं ती स्वतःला सांगतेय. पण पाय उठत नाहीत ते त्यामुळे नाही. तुम्ही तरी वर जाऊन बघा हो. तिसरा मजला, डावीकडची शेवटची खोली वर्षाची. दार आतून लावलेलं असेल, तर वाजवत राहा. नूतनने पाठवलंय, असं मात्र सांगू नका.