दिवा वाढव

माशांच्या टाकीसाठी आणलेला नवा दिवा नेहाने खोक्यातून काढला, आणि कॉटवर पडलेल्या नर्मदाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी पिवळा होता. तो जाऊन निळा आला. आता हा पांढरा!

"आई, बघा तरी," सून कौतुकाने म्हणाली. "दुकानवाले भिया बोलले, इससे तेज लाइट पूरे देवास में नहीं मिलेगी." तिने बटण दाबलं तसा भरदुपारी हॉल लखलखला. मासे बिचारे प्लॅस्टिकच्या झुडपाआड पळाले.

नर्मदाबाईंची कॉट टाकीला लागूनच होती. टाकी घरात आल्यापासून त्यांच्या डोळ्याला डोळा नव्हता. बटण टाकीच्या मागे, उंचावर, तिथवर त्यांचा हात पोचत नसे. म्हणून रोज निजताना त्या सुनेला सांगायच्या, "दिवा वाढव गं." आणि ही बया "हो आई" म्हणून उजेड आणखी मोठा करून जायची! वर नवेनवे दिवे आणायची. थट्टेलाही काही सुमार असतो. म्हातारीला या घरातून उठवायचंय, दुसरं काय?

त्यांनी कॉटखालची पिशवी ओढली आणि तिच्यात लुगडी कोंबायला सुरुवात केली.

"मी चालले सोनकच्छला, अल्पनाकडे. लेकीच्या दारात पडेन, पण इथे नाही राहायची."

"अरे, पण हुआ क्या?"

"रोज तोंड दुखेस्तोवर सांगते, दिवा वाढव, दिवा वाढव! आणि तू मुद्दाम..."

"तो वाढवतेच ना मी!" नेहाचा आवाज चिरकला. "फुल केला, तरी तुम्ही म्हणता वाढव. तुमच्यासाठी पूरा बाजार छान मारला मी, एकेक दुकान पालथं घातलं. और कितना वाढवू?"

लुगडं नर्मदाबाईंच्या हातातच राहिलं.

"अगं, वाढव म्हणजे मालव. बंद कर. दिव्याला तसं तोंडाने म्हणू नये, म्हणून वाढव म्हणायचं."

नेहा टाकीकडे बघतच राहिली. मग दोघींनी एकदमच सोफ्याकडे पाहिलं. नेहाचा नवरा शार्दूल तिथे बसून टीव्हीवर मॅच बघत होता.

"तुला तर ठाऊक होतं रे," नर्मदाबाई मुलाला म्हणाल्या. "जन्मापासून ऐकतोयस."

"हो, म्हणजे... मासे मस्त दिसत होते ना," त्याने पडद्यावरची नजर काढली नाही. "आणि तुमच्या दोघींच्या मध्ये मी कशाला पडू?"

नेहाचा चेहरा लालबुंद झाला. तिने टाकीचा दिवा बंद केला. मग ताडताड टीव्हीपाशी गेली आणि सॉकेटमधून प्लगच उपटला.

"आई," ती म्हणाली, "टीव्ही पण वाढवला."