आत कुणी नसतं
मेकॅनिकने दारांचे स्विच तपासले, बॅटरी तपासली, सगळं ठणठणीत. तरी गिऱ्हाईक तणतणतच होतं. “गाडी लॉक करून दुकानात शिरतो न शिरतो, तोच अलार्म बोंबलतो. चारचौघांत शोभा होते.” “साहेब, लॉक केल्यावर आत काही हललं की वाजतो. आत कुणी असतं का?” “कुणी नसतं हो. ही असते फक्त.” मेकॅनिकने मान वळवली. मागच्या सीटवर साहेबांची बायको मांडीवर हात ठेवून पुतळ्यासारखी बसली होती. “दार उघडं राहिलं तर भावाकडे निघून जाते. अलार्मची वायरच काढा.” मेकॅनिकने डॅशबोर्डखाली हातात आलेली अलार्मची वायर पुन्हा खोचली. “कंपनीतूनच बसवून आलाय, साहेब. निघत नाही.” तो गाडीतून बाहेर येताच नवऱ्याने चडफडत रिमोट दाबून पाहिला, दारं लागली. काचेआड बायकोने सावकाश हात वर केला, आणि अख्खा रस्ता वळून पाहू लागला.